गोगलगाय, पोटात पाय आणि शेळीचा हप्ता



आपल्या पत्रिकेत नेहमी व्याज, वही, ठराव यांच्याबद्दल वाचता. या वेळी मी गोगलगाईबद्दल लिहिते आहे. हसू नका. तिच्यासोबत तिची भावंडंही येणार आहेत, म्हणजे तुमच्या ताटातल्या तिसऱ्या, कालवं आणि माकूल. बचत गटाच्या कागदात गोगलगाईचं काय काम, असं कुणी म्हणेल. काम आहे. आपल्या एका गटाच्या कर्जवहीत तिचं नाव लिहायला हवं होतं. मी ते लिहिलं नाही, कारण मला तेव्हा माहीतच नव्हतं.

झालं असं. पडघ्याच्या बाजूच्या एका गावातल्या ताईंनी गटातून अंतर्गत कर्ज काढून चार शेळ्या घेतल्या. मे महिन्यात शेळ्या दारात आल्या, गणपतीपर्यंत छान अंगाने भरल्या. दिवाळीनंतर एक सुकायला लागली. चारा टाकला तर तोंड फिरवायची. मग तिच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लटकल्यासारखी सूज आली. संक्रांतीच्या आत दोन शेळ्या गेल्या, तिसरी गाभडली. हप्ता थांबला. बैठकीत कुणी म्हणालं, "नीट सांभाळल्या नाहीत," कुणी म्हणालं, "नजर लागली." मी वहीत लिहिलं, "शेळ्या आजारी, हप्ता थकीत," आणि पुढच्या विषयाकडे गेले. मी समाजकार्य शिकलेली मुलगी. बैठक कशी घ्यायची ते मला शिकवलं होतं, शेळीच्या पोटात काय चालतं ते नाही. पण विचारायला तर हवं होतं. त्या ताई सहा महिने गटात मान खाली घालून बसल्या, त्यात माझ्या त्या एका ओळीचाही वाटा आहे.

नंतर तिसरीही शेळी गेली तेव्हा ताईंनी डॉक्टरांना बोलावून ती उघडून बघायला लावली. डॉक्टरांनी लिव्हर, म्हणजे आपण जिला कलेजी म्हणतो ती, सुरीने चिरली. आतून लांबट पानासारखे चपटे किडे निघाले. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "चरायला कुठे नेता?" ताई म्हणाल्या, "ओहोळाच्या कडेला. आणि कापणी झाली की खाचरात." डॉक्टर ओहोळावर गेले, चिखलातून नखाएवढी तपकिरी शंखी उचलली आणि ताईंच्या तळहातावर ठेवली. "तुमच्या शेळ्या हिच्यामुळे गेल्या."

त्या दिवसापासून मी हा विषय वाचतेय, विचारतेय. जे कळलं ते तुमच्यापुढे ठेवते.

हाडं नाहीत, पण घर आहे

गोगलगाय, तिसरी, कालव, माकूल, समुद्रातला आठ हातांचा ऑक्टोपस, देवघरातला शंख आणि तुळजाभवानीच्या माळेतली कवडी, ही सगळी एकाच मोठ्या कुळातली. या कुळाला मृदुकाय म्हणतात. मृदू म्हणजे मऊ, काय म्हणजे शरीर. जगात यांच्या सुमारे ८५ हजार जाती नोंदल्या गेल्या आहेत. किडे, खेकडे, कोळी यांचं जे सांधेपायांचं कूळ आहे, त्याच्यानंतर प्राण्यांमध्ये हेच सगळ्यात मोठं. चिंबोरी आणि कोलंबी मात्र यात येत नाहीत बरं का. त्यांना सांधे असलेले पाय असतात, ती किड्यांच्या बाजूची. बाजारात एकाच पाटीत मिळतात म्हणून ती भावंडं होत नाहीत.

मृदुकायांच्या अंगात हाड नसतं. मऊ अंगावर एक पातळ पडदा पांघरलेला असतो, त्याला प्रावार म्हणतात. पदर म्हणा हवं तर. हा पदरच कवच तयार करतो. पाण्यातला आणि खाण्यातला चुना शोषायचा आणि कडेकडेने थर लावत जायचा. जीव वाढतो तसं घर वाढतं. तिसऱ्या धुताना त्यांच्या पाठीवर गोल गोल रेघा दिसतात, त्या या वाढीच्याच. हा चुना खराच चुना असतो. कोकणात पूर्वी शिंपले भट्टीत भाजून बांधकामाचा चुना करायचे.

आता एक मजा. शास्त्रज्ञ गोगलगाईच्या गटाला उदरपाद म्हणतात. उदर म्हणजे पोट, पाद म्हणजे पाय. गोगलगाय ज्या मऊ तळव्यावर सरकते तो तिचा पाय, आणि तिचं सगळं अंग त्याच्यावर बसवलेलं. आपल्या आज्या "गोगलगाय पोटात पाय" म्हणायच्या तेव्हा त्यांनी कुठलं पुस्तक वाचलं नव्हतं. वरून गरीब, आतून पक्की, अशा माणसाला आपण ती म्हण लावतो. ओहोळातल्या त्या शंखीला ती जशी लागू पडते तशी दुसऱ्या कुणाला पडत नसेल.

गोगलगाईच्या तोंडात किसणीसारखी पट्टी असते, तिच्यावर बारीक दातांच्या रांगा. ती पान चावत नाही, किसते. म्हणून तिने खाल्लेल्या पानाला वेडीवाकडी भोकं पडतात. बहुतेक जमिनीवरच्या गोगलगाई एकाच अंगात नरही असतात आणि मादीही.

तिसऱ्या आणि कालवं यांना दोन शिंपा, मध्ये बिजागरी. यांना डोकंच नाही आणि ती दातांची पट्टीही नाही. मग खातात कशा? पाणी आत ओढायचं, कल्ल्यांवर गाळायचं, पाण्यातलं बारीक खाणं ठेवून घ्यायचं आणि उरलेलं पाणी बाहेर सोडायचं. दिवसरात्र हेच चालू. आपण चहा गाळतो त्या गाळणीसारखं. ही गाळणी लक्षात ठेवा, खाली पुन्हा लागणार आहे.

माकूल या कुळातली हुशार मुलगी. घर अंगावर वागवायचं तिने सोडून दिलं. साफ करताना आतून प्लॅस्टिकच्या पट्टीसारखं पारदर्शक काहीतरी निघतं ना, ते तिच्या जुन्या कवचाचं उरलेलं. किनाऱ्यावर सापडणारा पांढरा समुद्रफेस हाही तसाच, तिच्या चुलत बहिणीच्या पोटातला. माकूल आणि ऑक्टोपस यांना तीन तीन हृदयं असतात आणि रक्त निळसर असतं, कारण आपल्या रक्तात लोह असतं तसं त्यांच्या रक्तात तांबं असतं. ही गोष्ट मी एका बैठकीत सांगितली तर एक मावशी म्हणाल्या, "तीन हृदयं असून पण शेवटी कालवणातच येते ना!" पुढची दहा मिनिटं कुणी ऐकायला तयार नव्हतं.

शेण, शंखी, गवत, शेळी

आता मुद्द्यावर येते. शेळीच्या कलेजीतल्या किड्याला पर्णकृमी म्हणतात, पानासारखा म्हणून. दवाखान्यात लिव्हर फ्लूक म्हणतील. आपल्याकडच्या जातीचा मोठा किडा दोन-तीन इंचांपर्यंत लांब होतो. गाय, म्हैस, बैल, मेंढी, शेळी, सगळ्यांना होतो.

किड्याची अंडी जनावराच्या शेणातून किंवा लेंडीतून बाहेर पडतात. ती पाण्यात गेली तर दोनेक आठवड्यांत त्यातून डोळ्यांना न दिसणारं पिल्लू निघतं. त्या पिल्लाला शेळी नको असते, गाय नको असते. त्याला शंखी हवी असते, आणि तीही ठरावीक जातीची. साधारण एका दिवसात ती सापडली नाही तर पिल्लू मरतं. सापडली तर ते तिच्या मऊ अंगात शिरतं आणि तिथे वाढतं. नुसतं वाढत नाही, एकाचे शेकडो होतात. पैसे दुप्पट करून देतो म्हणणारी माणसं असतात ना गावात, त्यांना जमत नाही ते या किड्याला जमतं. काही आठवड्यांनी ही नवी पिल्लं शंखीतून बाहेर पडतात, पोहत जाऊन पाण्याकाठच्या गवताला, भाताच्या बुडख्याला चिकटतात आणि स्वतःभोवती टणक आवरण करून गप्प बसतात. ओल असेपर्यंत महिनोन् महिने बसू शकतात. शेळीने ते गवत खाल्लं की आत गेल्यावर आवरण सुटतं. पिल्लं आतडं भोकून बाहेर येतात आणि कलेजी पोखरत फिरतात, शेवटी पित्ताच्या नळीत मुक्काम करतात. तिथे अंडी घालायला लागली की पुन्हा शेण, पुन्हा पाणी, पुन्हा शंखी.

यात शंखीचा काही कट नाही बरं. किडा तिचंही अंग आतून खात असतो. पण मधला हा टप्पा तिच्याशिवाय पुरा होत नाही.

ताईंच्या शेळ्या दिवाळीनंतर का सुकल्या ते आता लावून बघा. शेळी तशी पाला ओरबाडून खाणारी. पण पावसात माळावर चिखल, घरात लावणीची घाई, मग शेळ्या ओहोळाकाठी बांधल्या गेल्या. पोटात किडा तेव्हाच गेला. कलेजी पोखरून रक्त कमी व्हायला, अंगातली ताकद जायला दोन-तीन महिने लागले. म्हणजे आजार दिसला कार्तिकात, पण आला होता श्रावण-भाद्रपदात. आपण कार्तिकात कारण शोधत बसलो.

दोन शंख्या ओळखायला शिका. पहिली नखाएवढी, तपकिरी, कवच पातळ आणि टोक निमुळतं. ही साचलेल्या किंवा हळू वाहणाऱ्या पाण्याच्या कडेला असते. पर्णकृमी तिच्यात वाढतो. दुसरी चपटी, जिलेबीच्या वेढ्यासारखी. तिच्यात पोटातले दुसरे चपटे जंत वाढतात, आणि बैलाचं नाक चोंदून तो घोरायला लागतो त्या आजाराचा किडाही. लावणीच्या चिखलात आपल्या पायांना खाज सुटते, बारीक पुरळ येतं, त्याचं एक कारणही या जिलेबीवाल्या शंखीतून सुटलेली पिल्लं असतात. ती जनावराचं कातडं शोधत असतात, चुकून आपल्या पायात शिरतात आणि तिथेच मरतात. शेतातून बाहेर आलं की लगेच स्वच्छ पाण्याने पाय धुवून फडक्याने खसखसून पुसा, त्याने त्रास कमी होतो.

मग करायचं काय? सगळ्यात मोठी गोष्ट फुकट आहे. पावसाळ्यात आणि पाऊस संपल्यावर निदान डिसेंबरपर्यंत शेळ्या ओहोळाच्या, तळ्याच्या, पाणी साचणाऱ्या खाचराच्या काठावर चारू नका. वरकस जमिनीवर, बांधावरचा पाला द्या. पाण्याकाठचं गवत कापूनच आणायचं असेल तर पाण्यात बुडालेला बुडखा सोडून वरून कापा आणि कडक उन्हात सुकवून मग घाला. वाळलं की किड्याचं आवरण टिकत नाही. भाताचा ताजा, ओला पेंढाही तसाच. रचून, वाळवून, महिना-दोन महिने गेल्यावर घातलेला बरा. प्यायला पाणी हौदातलं किंवा घमेल्यात द्या. लेंड्या आणि शेण ओहोळाकडे वाहून जाणार नाही अशा जागी खड्डा करा. खत चांगलं कुजलं की त्याच्या उष्णतेने अंडी मरतात. कुणाला बदकं पाळायची हौस असेल तर जरूर पाळा, बदक शंख्या आवडीने खातं.

कुणीतरी सांगेल, ओहोळात मोरचूद टाका, शंख्या मरतील. टाकू नका. मासे आणि बेडूकही मरतील, आणि खालच्या वाडीतल्या बाया तेच पाणी भरतात.

औषधाबद्दल मी मात्रा लिहिणार नाही, ते माझं काम नाही. पण दोन गोष्टी मला डॉक्टरांनी सांगितल्या त्या पोचवते. दुकानातून आणून पाजतो ते नेहमीचं जंताचं औषध पर्णकृमीला, खास करून कोवळ्या पर्णकृमीला, लागू पडेलच असं नाही. त्याचं औषध वेगळं मागावं लागतं आणि ते जनावराच्या वजनावर ठरतं. आणि काही जंतनाशकं गाभण जनावराला, विशेषतः सुरुवातीच्या दिवसांत, चालत नाहीत, म्हणून गाभण असेल तर आधी सांगा. दुधाचं जनावर असेल तर औषधानंतर किती दिवस दूध वापरायचं नाही तेही विचारा. साधारणपणे पावसाच्या तोंडावर एकदा आणि पाऊस संपल्यावर एकदा, अशी वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा.

शेण तपासून घेता येतं. सकाळची ताजी लेंडी स्वच्छ डबीत घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यायची. पण तपासणीत अंडी दिसली नाहीत म्हणून निश्चिंत होऊ नका. किडा पोटात गेल्यापासून अंडी घालेपर्यंत तीन महिन्यांहून जास्त काळ जातो. त्या काळात तो कलेजी पोखरत असतो आणि शेणात काहीच दिसत नाही. म्हणून डोळ्याची खालची पापणी ओढून बघायची सवय लावा. आतली कातडी गुलाबी असेल तर बरं. पांढरीफटक दिसली तर अंगात रक्त नाही, डॉक्टरांना बोलवा. जबड्याखाली सूज येईपर्यंत वाट बघाल तर उशीर झालेला असतो.

एका बैठकीत प्रश्न आला, मग मटणातली कलेजी खायची की नाही? कलेजीतला मोठा किडा पोटात गेल्याने आपल्याला हा रोग होत नाही, रोग गवतावरच्या पिल्लांमुळे होतो. तरी किडे किंवा गाठी दिसणारी कलेजी कुणी घेऊ नये, आणि चांगली असली तरी नीट शिजवावी. पाणथळ जागची पालेभाजी मात्र कच्ची खाऊ नका. माणसाला हा रोग क्वचित होतो, पण होतो.

खाडीची गाळणी

आता काल्हेर, कशेळी, कोन, खारबाव बाजूच्या ताईंसाठी. वर गाळणी लक्षात ठेवा म्हटलं होतं.

तिसरी पाणी गाळते आणि पाण्यात जे असेल ते तिच्या अंगात राहतं. खाडी स्वच्छ असेल तर ती स्वच्छ. खाडीत गटाराचं पाणी आलं तर त्यातले जुलाब-कावीळ करणारे जंतू तिच्यात साठतात. कारखान्याचं आणि रंगाचं पाणी आलं तर जड धातू साठतात. जंतू उकळल्याने मरतात, धातू उकळल्याने जात नाहीत. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपण म्हणतो, "मस्त उकळून घेतलं की काय होतंय!"

भिवंडीच्या बायांना कामवारी नदी काय झाली आहे ते मी काय सांगणार. एक आजी मला म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी ओहोटीला घमेलं घेऊन गेलं की तासाभरात भरायचं, आणि आता चिखलात हात घालायची किळस येते. मी तिसऱ्या खाऊ नका असं म्हणत नाही. मी स्वतः खाते, आणि गरिबाच्या ताटात एवढं लोह आणि प्रथिनं फुकट कुठून येणार? पण नाल्याच्या तोंडाजवळच्या, फेस आणि रंग दिसतो तिथल्या, वास येतो त्या चिखलातल्या तिसऱ्या घरी आणू नका आणि विकूही नका. खुल्या, भरती-ओहोटी जोरात असणाऱ्या भागातल्या आणा. पोटुशी आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना, लहान मुलांना संशयाच्या जागच्या तिसऱ्या अजिबात देऊ नका.

घरी आणल्यावर स्वच्छ मिठाच्या पाण्यात काही तास ठेवल्या की वाळू टाकतात, हे तुम्हाला माहीत आहेच. शिजवण्याआधी उघड्या शिंपेवर टिचकी मारा. मिटली तर जिवंत. नाही मिटली तर फेका. आणि शिजल्यावर जी उघडतच नाही तीही फेका, सुरीने उघडत बसू नका. अगदी बारीक तिसऱ्या दिसल्या तर चिखलातच राहू द्या. पुढच्या वर्षीचं घमेलं त्यांच्याच पोटात असतं.

मुंबई-ठाण्याची पाहुणी

पावसाळ्यात भिंतीवर, पपईवर, भाजीच्या वाफ्यात मुठीएवढी गोगलगाय दिसते, तिला शंखी गोगलगाय म्हणतात. ती आपली नाही, पूर्व आफ्रिकेतली. १८४७ साली विल्यम बेन्सन नावाच्या गोऱ्या साहेबाने मॉरिशसहून आणून ती कलकत्त्यात सोडली, आणि तिने पुढचा देश स्वतः पाहून घेतला. एका वेळी शंभराहून जास्त अंडी घालते. पाऊस गेला की कवचाचं तोंड बंद करून मातीत झोपते, पुढच्या पावसाला उठते. २०२२ मध्ये लातूर, बीड, उस्मानाबादकडे हिने सोयाबीनची कोवळी रोपं अशी फस्त केली की लोकांना दुबार पेरणी करावी लागली आणि सरकारला मदत जाहीर करावी लागली.

परसबागेत दिसली तर पहिल्या पावसातच हात धुऊन मागे लागा. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट वाफ्याशेजारी टाकून ठेवा, सकाळी त्याच्याखाली गोळा झालेल्या सापडतील. हातात पिशवी घालूनच उचला, कारण तिच्यात उंदराच्या फुप्फुसातला एक जंत असू शकतो आणि तो माणसाच्या मेंदूपर्यंत जातो. मुलांना खेळायला देऊ नका. गोळा केलेल्या मिठाच्या किंवा साबणाच्या दाट पाण्यात बादलीत बुडवून मारा आणि पुरा. शेतात मीठ मात्र फेकू नका, गोगलगाय मरेल आणि वाफाही मरेल. तिच्यासाठी विषारी गोळ्या मिळतात, त्या कोंबड्या, कुत्री आणि रांगती मुलं असणाऱ्या घरात नकोतच. वाफ्याच्या कडेने राखेची किंवा चुन्याची पट्टी ओढली तरी चालतं, पाऊस पडला की पुन्हा ओढायची एवढंच.

मोत्यांबद्दल दोन शब्द

हे लिहिणं भाग आहे, कारण दोन गटांनी मला विचारलं. "शिंपले आम्ही देतो, टाकीत ठेवा, मोती आम्हीच विकत घेतो," असं सांगून गटाच्या पैशावर डोळा ठेवणारी माणसं फिरतात. सगळेच खोटे नसतील. पण मोती कसा होतो ते कळलं तर आपण योग्य प्रश्न विचारू शकतो.

मोती करतो तोच पदर, ज्याने कवच केलं. बाहेरची वस्तू किंवा त्याच पदराचा तुकडा आत अडकला की तिच्यावर तो चकचकीत थर चढवतो. गोड्या पाण्यातल्या शिंपल्यात ही वस्तू हाताने, शस्त्रक्रिया करून बसवावी लागते. त्यात काही शिंपले मरतात. राहतील त्यांना पाण्यात बारीक हिरवं शेवाळ खायला लागतं, कारण तीच गाळणी. नळाच्या स्वच्छ टाकीत शिंपला उपाशी मरतो. मोती व्हायला साधारण वर्ष-दीड वर्ष जातं, आणि प्रत्येक शिंपल्यात विकण्याजोगा मोती निघत नाही. आणखी एक गंमत म्हणजे या शिंपल्याची पिल्लं लहानपणी माशांच्या कल्ल्यांना चिकटून प्रवास करतात. मासे नसलेल्या टाकीत हे शिंपले आपोआप वाढतील, असं कुणी सांगितलं तर तो माणूस शिंपल्याला ओळखत नाही.

म्हणून विचारा. शस्त्रक्रिया कोण करणार? शंभरातले किती मेले तर तोटा कुणाचा? आधी ज्यांनी केलं त्यांचा तलाव दाखवता का? मोती विकत घ्यायचं लेखी देता का? खरंच शिकायचं असेल तर भुवनेश्वरला सिफा ही केंद्र सरकारची गोड्या पाण्यातल्या मत्स्यशेतीची संस्था आहे, तिथे मोत्यांचं प्रशिक्षण देतात. खाडीकाठच्या गटांसाठी राज्याची कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजनाही आहे, त्यात कालवं आणि खेकडे पाळण्याचा समावेश आहे. त्याबद्दल बैठकीत सविस्तर बोलू.

त्या पडघ्याकडच्या ताईंचं काय झालं ते सांगायचं राहिलं. गटाने ठराव करून हप्ते लांबवून दिले. आणि ठरलं की यापुढे शेळीसाठी कर्ज देताना औषध आणि विमा यांचे पैसे त्याच कर्जात धरायचे, आणि चरायला कुठे नेणार ते अर्जात लिहून घ्यायचं. चौथी शेळी वाचली. तिला दोन करडं झाली आहेत.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या ओहोळातली, तळ्यातली किंवा खाचरातली एक शंखी आणा. हाताने उचलू नका, पिशवी घालून उचला आणि झाकणाच्या डबीत आणा. निमुळती कोणती, जिलेबीची कोणती ते पशुसखी ताईंसोबत लावून बघू आणि गावाचा ओढा, तळं कागदावर काढून कुठे चारायचं नाही तिथे लाल खुणा करू. ज्यांच्याकडे शेळ्या आहेत त्यांनी लेंडीची डबीही आणा, त्याच दिवशी एकत्र दवाखान्यात पोचवू. डबीवर आपलं आणि शेळीचं नाव लिहायला विसरू नका. मागच्या वेळी तीन डब्यांवर नुसतं "काळी" लिहिलेलं होतं.